‘गॅस संपलं!’

दिवाळीचे दिवस होते. नणंदा, जावई, भाचरं असा सगळा गोतावळा घरात जमलेला. स्वयंपाकघरात चकल्या तळणं चाललं होतं आणि मध्येच शेगडी विझली. आमची नवी सून दिवाणखान्याच्या दारात येऊन म्हणाली, “आई, गॅस संपलं!”

झालं! जी हसाहशी सुरू झाली ती थांबेचना. धाकट्या भाच्याने तर दिवसभर “दिवाळी आलं, मामा आलं, चकली करपलं” असा पाढाच लावला. सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले. सूनबाईंनीही हसण्यावारी नेलं. आणि त्या दिवसापासून पोरगी घरात मराठी बोलायचीच बंद झाली.

माझ्या हे लक्षात यायलाही पंधरा दिवस लागले, बरं का! ती माहेरची शिवमोग्ग्याची, कानडी. लग्न ठरल्यापासून हौसेने मराठी शिकत होती. आता मात्र नवऱ्याशी इंग्रजी, माझ्याशी तोडकीमोडकी हिंदी, आणि इतरांशी “हो”, “नाही”, “चालेल”. जेवणाच्या टेबलावर आम्ही बोलत असायचो आणि ती ताटाकडे बघत असायची. एकाच घरात राहायचं आणि तोंडाला कुलूप! मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी परभाषी सून, जावई किंवा शेजार आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

एक खोली मात्र वेगळी होती. माझ्या सासूबाई, वय वर्षं शहाऐंशी, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही. दुपारी औषध द्यायला म्हणून सून त्यांच्या खोलीत जायची आणि तासभर बाहेर यायची नाही. आतून बोलण्याचा आवाज यायचा, तोही मराठीतून. हे कसं काय, या कोड्याने मला जे वाचायला लावलं, त्यातलं थोडं तुम्हाला सांगावं म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी मला सांगा, व्याकरण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? शाळेतलं ते कर्तरी, कर्मणी आणि भावे! परीक्षा संपली की आपण ते पुस्तकाबरोबर रद्दीत घातलं. मग आता हे बघा. तुम्ही बाजारातून आलात आणि म्हणालात, “मी छत्री आणली.” आणि दुसऱ्या दिवशी म्हणालात, “मी छत्री विसरले.” पहिल्या वाक्यातलं क्रियापद छत्रीच्या मागे गेलं, दुसऱ्यातलं तुमच्या मागे. असं का हो? तसंच “मी चहा घेतला”, पण “मी चहा प्यायले”. चहा तोच, कप तोच, पिणारीही तीच! संध्याकाळी यजमान आले की त्यांनाही विचारून पाहा. तेही “छत्री आणली” आणि “छत्री विसरलो” असंच म्हणतील, पण का ते त्यांना सांगता येणार नाही. (माझ्या यजमानांनी “तसंच म्हणतात” असं सांगून वर्तमानपत्र पुढे धरलं.)

हेच खरं व्याकरण. कुणी शिकवलं नाही, पण चुकत मात्र नाही. विसरणे, पिणे, शिकणे, बोलणे अशी काही थोडी क्रियापदं वेगळी चालतात, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नसतो! घरात एखादी नवी वस्तू आली तरी आपण तिला बेधडक लिंग देऊन टाकतो. कुकर तो, प्लेट ती, टेबल ते. विलायतेतून येताना या शब्दांनी आपली लिंगं बरोबर आणली नव्हती.

आता आमच्या सुनेकडे वळू. तिची कानडी भाषा याबाबतीत मोठी सुटसुटीत. पुरुष असेल तर पुल्लिंग, बाई असेल तर स्त्रीलिंग, आणि देवदेवता वगळून बाकी सगळं, म्हणजे भांडीकुंडी, गाईगुरं, बस, नदी, डोंगर, नपुंसकलिंग. ती मराठी ऐकत होती तेव्हा तिच्या कानावर काय पडत होतं? दूध उतू गेलं. पाणी आलं. जेवण झालं. दार वाजलं. कुलूप लावलं का? तिचा नियम मराठीत चपखल बसत होता! त्यातून आपण विचारतो कसं? “काय झालं? काय संपलं?” आपला प्रश्नच मुळी ‘लं’कारान्त. त्याला तिने “गॅस संपलं” असं उत्तर दिलं तर तिचं काय चुकलं? दहा वाक्यांपैकी जी चार-पाच नशिबाने बरोबर यायची त्यांच्याकडे आमचं लक्षच नव्हतं. जी चुकायची तेवढ्यांवर आम्ही हसत होतो.

पिट कॉर्डर नावाच्या भाषातज्ज्ञांनी १९६७ साली एका लेखात नेमकं हेच मांडलं. परकी भाषा शिकणारा माणूस वेंधळेपणाने चुकत नाही. त्याच्या डोक्यात त्या भाषेचा एक तात्पुरता आराखडा तयार झालेला असतो आणि चूक ही त्या आराखड्याची खूण असते. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या भाषेला नावच दिलं. आपण तिला ‘आंतरभाषा’ म्हणू. ती धड माहेरची नाही, धड सासरची नाही. पण तिला स्वतःचे नियम असतात, आणि ते रोज थोडेथोडे बदलत असतात.

माझी सर्वांत मोठी फजिती पुढेच आहे. आमच्याकडे सुनेच्या या ‘लं’ला हसणं झालं, पण सांगलीजवळच्या कुपवाडात एकेकाळी लोक असंच मराठी बोलत! जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांचा या गावावरचा लेख १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषातज्ज्ञांत हे गाव गाजलं. तेव्हा गावची वस्ती तीन हजारांच्या आसपास. जैन आणि लिंगायत घरांतून कानडी, मुसलमान घरांतून उर्दू, दोरखंड वळणाऱ्यांची तेलुगू, आणि इतरांची मराठी. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून, एकमेकांशी बोलून या भाषांचे शब्द वेगळेच राहिले, पण वाक्याची घडण जवळजवळ एक होऊन गेली. तिथल्या मराठीने कानडीचा लिंगविचार उचलला. पूर आला तर आपण “नदी आली” म्हणू, कुपवाडकर “नदी आलं” म्हणत.

म्हणजे बघा! आमची सून एकटी बोलली तर ती चूक, आणि सबंध गाव बोललं तर ते तिथलं व्याकरण. (पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, मराठी शाळा आल्या, गाव सांगली-मिरजेबरोबर महानगरपालिकेत गेलं आणि मराठीचं वजन वाढलं. तेव्हाचं चित्र आता तसंच्या तसं राहिलेलं नाही. पण म्हणून काही ते खोटं ठरत नाही.)

हे मी सुनेला सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, “आई, मग आपण कुपवाडला राहायला जाऊ या!” फार दिवसांनी तिने मला मराठीतून उत्तर दिलं होतं.

आजींची शाळा

मी एकदा मुद्दाम सासूबाईंच्या खोलीबाहेर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले. आत सून सांगत होती, “आजी, देवाजवळ वात लावलं.” सासूबाई म्हणाल्या, “लावलीस? बरं केलंस हो.” थोड्या वेळाने सून म्हणाली, “आज चतुर्थी.” त्यावर मात्र त्या ताडकन म्हणाल्या, “नाही गं बाई, चतुर्थी काल झाली!”

मला गंमत वाटली. ‘वात लावलं’ त्यांना खटकलं नाही, तिथी चुकली ती खटकली! पण आपणही लहान मुलांशी असंच वागतो. अमेरिकेत रॉजर ब्राऊन आणि कॅमिल हॅन्लन यांनी आई आणि लहान मूल यांचं बोलणं बारकाईने तपासून १९७० मध्ये हेच दाखवलं. मूल व्याकरण चुकून पण खरं बोललं तर आई “हो” म्हणते. शुद्ध पण खोटं बोललं तर “नाही” म्हणते. तरीही ती मुलं मोठेपणी व्याकरणशुद्ध बोलतात (आणि खोटंही बोलतात, तो भाग निराळा!).

मग मुलं शिकतात कशी? ऐकतात आणि त्यातून आपापला नियम काढतात. जीन बर्को यांनी १९५८ साली केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव ‘वग’. मग दोन प्राण्यांचं चित्र दाखवून विचारलं, हे काय? मुलं चटकन ‘वग्ज’ म्हणाली. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता. तुम्हीही घरी करून पाहा. नातवाला सांगा, हा एक टमका. आता हे दोन…? तो ‘टमके’ म्हणेल. ही एक टमकी, या दोन…? ‘टमक्या’! टमका म्हणजे काय हे ना तुम्हाला माहीत, ना त्याला.

मोठी माणसंही असाच नियम काढतात, आणि काढला की जरा जास्तच ताणतात. चार-सहा महिन्यांनी आमच्या सूनबाई “भाजी संपली, गाडी आली, इस्त्री झाली” असं अगदी बरोबर म्हणायला लागल्या. मला आनंद झाला. आणि एक दिवस सकाळी सकाळी हाक आली, “आई, पाणी आली!” अरे देवा! जे आधी बरोबर येत होतं तेही बिघडलं? मग “लोणी निघाली”, आणि टीव्हीवर बघून “हत्ती आली”. मला वाटलं, गाडी उलटी निघाली. पण ती पुढेच चालली होती! शेवटी ‘ई’ असली की ‘ली’, हा नियम तिचा तिने शोधून काढला होता; आम्ही कुणीही सांगितलेला नव्हता. पाणी, लोणी, मोती, हत्ती हे त्या नियमाला न जुमानणारे शब्द. ते एकेक करून पाठच व्हावे लागतात. आणि ज्यांच्या शेवटी काहीच खूण नाही त्यांचं काय करायचं? भात शिजला, वात लावली, शेत पिकलं. तिन्हींच्या शेवटी ‘त’, आणि लिंगं तीन! मला जर कुणी आज मराठी शिकायला बसवलं तर मी पळून जाईन.

वय आड येतं का?

“लहान मुलं कशी पटापट शिकतात, आपलं आता वय झालं,” असं आपण नेहमी म्हणतो. हे अर्धंच खरं आहे. कॅथरीन स्नो आणि मारियन हुफ्नागेल-हूले यांनी हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांची डच भाषा वर्षभर तपासली. त्यांचा लेख १९७८ चा. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत पुढे कोण होतं? बारा ते पंधरा वर्षांची मुलं आणि मोठी माणसं! तीन ते पाच वर्षांची चिमुरडी सर्वांत मागे. मोठ्यांना नियम चटकन दिसतो. लहानांचा फायदा पुढे, लांब पल्ल्यात होतो. २०१८ साली हार्टशॉर्न, टेनेनबॉम आणि पिंकर या अमेरिकन संशोधकांनी सुमारे पावणेसात लाख लोकांकडून इंग्रजी व्याकरणाची चाचणी सोडवून घेतली. त्यांचा निष्कर्ष असा, की व्याकरण आत्मसात करण्याची शक्ती साधारण सतरा-अठरा वर्षांपर्यंत चांगली टिकते आणि मग उतरत जाते. पण जन्मजात भाषकासारखं बोलायचं तर दहाएक वर्षांच्या आत सुरुवात हवी.

तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी मराठी शिकायला लागलेल्या सुनेच्या तोंडी एखादा ‘लं’ जन्मभर राहील, हे धरून चालायला हवं. त्यात तिचा आळस नाही आणि तुमचा अपमानही नाही.

आपलं हिंदी तरी काय आहे हो? “मेरा आवाज बसा है” असं मी इटारसी स्टेशनवर चहावाल्याला सांगितलं होतं, आणि तो बिचारा माझ्या आवाजाला बसायला जागा शोधत होता! आपल्याकडे आवाज तो, चहा तो, आत्मा तो. हिंदीत तिन्ही बायका. आपल्यापैकी बहुतेकींनी पाचवीपासून इंग्रजीही घोकलं. माझ्या वडिलांच्या कपाटातली तर्खडकरांची भाषांतरमाला मी अख्खी सोडवली होती, पण बँकेत कुणी साहेब इंग्रजीतून बोलला की जीभ टाळ्याला चिकटायची. नियम ठाऊक असणं एक आणि तोंडातून वेळेवर निघणं एक.

बंगळूरला एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही शाळांतून एक निराळा प्रयोग केला होता. व्याकरणाचा धडा द्यायचाच नाही. मुलांपुढे आगगाडीचं वेळापत्रक नाहीतर गावाचा नकाशा ठेवायचा आणि इंग्रजीतून कोडी घालायची. कुठली गाडी धरली तर लवकर पोचू? मुलांचं लक्ष गाडीवर, आणि भाषा नकळत कानातून आत. नंतर जी तपासणी झाली तिचा निकाल या पद्धतीच्या बाजूने होता, जरी तपासनिसांनी तो हात राखूनच दिला. सासूबाईंच्या खोलीत दुसरं काय चाललं होतं? औषधाच्या गोळ्या, देवाची वात, जुन्या भांडणांच्या गोष्टी. कामाचं बोलणं, आणि हसायला कुणी नाही.

मग चूक दुरुस्त करायचीच नाही का? करायची की! पण कशी, ते बघा. ती “गॅस संपलं” म्हणाली तर आपण “अगं बाई, गॅस संपला? मग सिलिंडर लावायला हवा,” असं म्हणून पुढे जावं. बोलणं तुटत नाही आणि बरोबर रूप कानावर पडतं. मात्र या उपायाला एक खोट आहे. लिस्टर आणि रान्टा या कॅनडातल्या अभ्यासकांनी फ्रेंचमधून शिकणाऱ्या मुलांचे वर्ग तपासले, त्यांचा लेख १९९७ चा. शिक्षक सर्वांत जास्त हाच उपाय वापरत होते, पण मुलांच्या तो पुष्कळदा लक्षातच येत नव्हता; “बाईंनी हो म्हटलं” एवढंच त्यांना कळायचं. मुलाला किंचित अडवून, त्याचं त्यालाच दुरुस्त करायला लावलं तर ते जास्त वेळा साधत होतं. म्हणून जिला सुधारायची हौस आहे तिला एकांतात, कामाच्या घाईत नसताना, “भात… काय?” असं अर्धं सोडून विचारावं. चारचौघांत कधी नाही. आणि नवा शब्द सांगताना सुटा सांगू नये, ‘भिंत’ न म्हणता ‘पांढरी भिंत’ म्हणावं, ‘ताक’ न म्हणता ‘आंबट ताक’ नाही, ‘थंडगार ताक’ही नाही (तिथे लिंग कळतच नाही!), ‘ताजं ताक’ म्हणावं. मला स्वतःला हे समजायला आठ दिवस लागले.

तरी हे सगळं पुस्तकी शहाणपण राहिलं असतं, जर गेल्या वैशाखात मी शिवमोग्ग्याला गेले नसते. विहीणबाईंना खूश करावं म्हणून सुनेकडून चार वाक्यं कानडी शिकून गेले होते. स्टँडवर उभ्या होतो. वळणावर बस दिसली आणि मी मोठ्या ऐटीत म्हणाले, “बस्सु बंदळु!” विहीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या, आणि मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या की डोळ्यांत पाणी. शेजारच्या दोघी-तिघीही हसल्या. बस आली म्हणजे ‘बस्सु बंतु’. ‘बंदळु’ म्हणजे बाई आली! आपली बस ती ना? मग मी तिला लुगडं नेसवून आणली होती. सुनेच्या चुकीचीच उलटी बाजू.

खरं सांगते, त्या हसण्यात तसूभरही वाईटपणा नव्हता. पण माझे कान तापले, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी कानडीचा एक शब्द काढला नाही. चाळीस वर्षं घर चालवलेली बाई मी! रात्री अंथरुणावर पडल्यावर मला त्या दिवाळीतली, दारात उभी असलेली पोरगी दिसायला लागली. घरी आल्यावर मी तिची माफी मागितली. ती आधी गोंधळलीच. मग तिने सगळा किस्सा दोनदा सांगायला लावला आणि आजींच्या खोलीत जाऊन त्यांना तिच्या मराठीत सांगितला. “मग आई म्हणाल्या, बस आली… बस आली ना, आजी? आणि सगळे हसलं.” सासूबाईंनी विचारलं, “मिळाली का पण बस?”

आता आमच्याकडे बोलणं सुरू आहे. रागावली की तिच्या तोंडून अजून “भिंत खराब झालं” येतं, आणि कुणी हसत नाही. भाचा आला की तीच त्याला टमक्या-टमकीची कोडी घालते. आणि मी कुठे बाहेरगावी निघाले की विहीणबाईंचा फोन ठरलेला. हालहवाल राहते बाजूला, पहिला प्रश्न एकच, “बस्सु बंदळा?” मीही सांगते, “बंदळु, बंदळु!”